मी दाखवलेला डाग

दचकू नका, मीच बोलतोय. कपाटाच्या वरच्या खणात, स्वतःचाच पट्टा अंगाभोवती गुंडाळून बसलेला हा काळा, जाडजूड कॅमेरा. तुम्ही मला डीएसएलआर म्हणता. त्यातही मी अगदी पहिल्या पायरीवरचा, नवशिक्यांसाठी बनवलेला. मला तोंड नाही, हे खरं आहे. डोळा आहे, तोही एकच, आणि त्यावर बहुतेक वेळ झाकणच असतं. पण त्या डोळ्यानं जे पाहिलं, त्यानं मी इतका हादरलो आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. धुळीचा कणही आत येऊ नये म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेत. त्यांनी माझ्या पोटात एक छोटा आरसा बसवला, पाठीला पडदा लावला आणि मग कोणीतरी पहिल्यांदा बटण दाबलं. आरसा फटकन वर उचलला गेला आणि उजेड थेट आत घुसला. केवढा धक्का तो! मला वाटलं, फुटलोच. तेव्हापासून प्रत्येक फोटोला माझं असंच होतं. मी जो ‘खटाक’ आवाज करतो ना, तो माझ्या दचकण्याचा आवाज आहे. लोकांना तो रुबाबदार वाटतो, ही गोष्ट निराळी.

पुढे पेटीत बंद होऊन, अंधारात हिंदकळत मी एका दुकानात आलो. गिऱ्हाइकांनी हाताळून पाहावं म्हणून मला पेटीबाहेर काढलं आणि काचेच्या कपाटात ठेवलं. माझ्या शेजारी एक कॉम्पॅक्ट कॅमेरा होता. चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, मुठीत मावणारा. मी त्याला चंदेरीच म्हणायचो. बटण दाबलं की त्याचं नाक हळूच पुढे येई आणि बंद केलं की परत आत जाई. कसला आवाज नाही की कसला धक्का नाही. मला त्याचा हेवा वाटे, खोटं कशाला बोलू?

दुकानात विक्रीला एक जण होता. बोलणं इतकं गोड की सगळे त्याला साखऱ्या म्हणत, आणि तोही त्या हाकेला ‘ओ’ देई. त्याच्यामुळे मला माणसांची पहिली ओळख झाली. त्यानं मला डोळ्याला लावलं रे लावलं की समोरचा माणूस बदलून जाई. पोट आत, मान वर. आत्ता एकमेकांवर खेकसत असलेली नवराबायको खांद्याला खांदा लावून उभी राहत. मग फोटो पाहून म्हणत, “छे, मी काही एवढा जाडा नाही.” आणि माझ्याकडे रागानं बघत. मी जे समोर होतं तेच दाखवलं होतं. तरी राग माझ्यावर! मी चाट पडायचो.

चंदेरीवर मात्र कोणी रागावत नसे. साखऱ्या त्याला हातात घ्यायचा, अंगठ्यानं एक बटण दाबायचा, पडद्याच्या कोपऱ्यात इवलासा हसरा चेहरा उमटायचा आणि मग तो गिऱ्हाइकाचा फोटो काढायचा. फोटोत माणसाच्या गालावरचे खड्डे बुजलेले असत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसलेली असत. “बघा, याच्यात माणूस कसा ताजा दिसतो!” साखऱ्या म्हणायचा. माणूस फोटोकडे बघत राहायचा आणि चंदेरीच्या भावंडांपैकी एकाची पेटी घेऊन जायचा. शेवटी त्या जातीचा एकटा चंदेरीच कपाटात उरला.

अशात एके दिवशी ती तिघं आली. चष्मा डोक्यावर चढवलेली, मनगटावर टाचण्या टोचलेली कापडी गादी तशीच विसरून आलेली एक बाई. तिच्यामागे उन्हानं रापलेला तिचा नवरा. आणि त्यांची ऑफिसात नोकरी करणारी मुलगी. बाई शिवणकाम करायची, पडद्यांपासून पँटींपर्यंत सगळं. नवरा छपरांवर पत्रे बसवायचा. वर्षानुवर्षं उघड्या पाठीनं उन्हात काम केलेला माणूस.

“कशासाठी हवा कॅमेरा, ताई? फिरायला, की घरच्या कार्यक्रमाला?” साखऱ्यानं विचारलं.

“यांच्या पाठीसाठी,” बाई म्हणाली.

साखऱ्याचं हसू जागच्या जागी थिजलं. नवऱ्यानं मध्येच तोंड घातलं, “म्हणजे, चेहरा काही बघण्यासारखा नाही, तेव्हा म्हटलं पाठीपासून सुरुवात करावी.”

“बाबा, गप्प बसा हो,” मुलगी म्हणाली आणि तिनं सगळं नीट सांगितलं. बाबांच्या उजव्या खांद्याखाली एक तपकिरी डाग होता. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तो तपासला होता. सध्या घाबरण्यासारखं काही नाही, पण नजर ठेवायला हवी. दर महिन्याला एक फोटो काढायचा, त्याच खिडकीच्या उजेडात, तेवढ्याच अंतरावरून, शेजारी माप ठेवून. आकार, कड आणि रंग यांच्यात काही बदललं तर त्याच दिवशी यायचं. नाहीतर सहा महिन्यांनी सगळे फोटो घेऊन. फोनमधल्या कॅमेऱ्यानं प्रयत्न केला होता, पण त्यात डाग म्हणजे नुसता चिखल दिसत होता.

माझ्या अंगावर काटा आला. एवढा वेळ मी माणसांची पोटं आणि हसू पाहत होतो. कॅमेऱ्यावर कोणाचा जीव अवलंबून असू शकतो, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

मुलीनं बरंच वाचून ठेवलेलं. “आई, हा मोठा घे. याचा आतला, उजेड टिपणारा पडदा मोठा असतो, बारीकसारीक सगळं येतं. पुढे हवी तर लेन्स बदलता येते.”

बाईनं मला उचललं. हात खाली गेला. “अगंबाई! ही काय इस्त्री आहे?” मग तिनं मला डोळ्याला लावलं, वरचं चाक फिरवलं आणि त्यावरच्या खुणा पाहून गोंधळली. “यातलं कुठलं काय करतं, ते शिकेपर्यंत सहा महिने जातील माझे.”

साखऱ्यानं लगेच चंदेरी पुढे केला. “ताई, तुमच्या कामाला हाच बरा. जवळून फोटो काढायचा ना? मोठ्याला त्याच्या या लेन्सनं इतकं जवळ जाता येत नाही. हा अगदी बोटावर टेकवलात तरी काढतो. शेवटचा पीस आहे, पण नव्यासारखा. मी सगळं लावून देतो, तुम्ही फक्त बटण दाबायचं.”

त्यात खोटं काही नव्हतं. जवळून टिपण्यात चंदेरी माझ्यापेक्षा सरस होता. बाईनं त्याच्याकडून नवऱ्याचा एक फोटो काढून पाहिला. नवरा पडद्यात बघून खूश. “अरे वा! याच्यात तर मी लग्नातल्यासारखा दिसतो.”

“झालं मग,” बाई म्हणाली. मुलीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खांदे उडवले.

चंदेरी गेला. जाताना त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात तो हसरा चेहरा तसाच होता. मला दिसला. बाईलाही दिसला असणार, पण तिला ती नक्षी वाटली. माझ्या मनात काहीतरी खटकलं, पण काय ते नेमकं कळलं नाही. मी कपाटातच राहिलो.

दिवस गेले. गिऱ्हाइकं मला उचलत, ‘जड आहे’ म्हणत, परत ठेवत. माझ्या रबरी पकडीवर अनोळखी बोटांचा मेणचटपणा बसत गेला.

मग एका दुपारी बाई पुन्हा दुकानात आली. हातात रुमालात गुंडाळलेला चंदेरी. त्याचं नाक अर्धवट बाहेर येऊन अडकलेलं. ना पुढे जाई, ना मागे. मला बघवेना.

साखऱ्यानं भिंग लावून आत पाहिलं. “ताई, याच्यात कापसाचे तंतू अडकलेत.”

“अहो, माझ्या शिवणाच्या खोलीत श्वास घेतला तरी तंतू जातात पोटात. तिथली खिडकीच उजेडाची, म्हणून फोटो तिथेच काढते.” मग ती काकुळतीला आली. “रविवारी फोटो काढायचा दिवस आहे हो. एकही महिना चुकवलेला नाही मी.”

“दुरुस्तीला पाठवायला लागेल. वेळ लागेल.” साखऱ्या मानेमागे खाजवत विचारात पडला आणि मग त्यानं कपाट उघडून मला बाहेर काढलं. “तोवर हा घेऊन जा. दाखवायचाच पीस आहे. या चाकावर हिरवी खूण दिसते ना, तिथे ठेवायचं आणि बटण दाबायचं. जरा लांब उभ्या राहा, म्हणजे झालं.”

असा मी त्या घरी पोचलो.

शिवणाची खोली छोटीशी होती. एका बाजूला मशीन, भिंतीला रिळांची फळी, रंगांच्या उतरंडीनं लावलेली. खरं सांगतो, मी इतके रंग एका जागी कधी पाहिले नव्हते. बाईची नजर अशी होती की दोन काळ्या रिळांतला फरक ती खोलीच्या दारातून सांगायची. “हा निळसर काळा, तो तपकिरी काळा. पँटीला तो लावला तर उन्हात शिवण उठून दिसेल.” मला दोन्ही काळेच दिसायचे, मग मी बारकाईनं पाहायचो आणि खरंच फरक असायचा.

रविवारी सकाळी नवरा खिडकीशी स्टुलावर पाठ करून बसला. सदरा काढलेला. बाईनं डागाशेजारी शिवणाची मापपट्टी धरली. मग मला डोळ्याला लावलं.

झाकण निघालं, आणि मी तो डाग पाहिला.

खटाक!

त्या खेपेचा आवाज माझा मलाच मोठा वाटला. डागाची कड एका बाजूनं कुरतडल्यासारखी झाली होती. मधोमध तपकिरी, पण खालच्या अंगाला शाईचा थेंब सांडावा तसा काळा, आणि काठाला किंचित लालसर. मी काही डॉक्टर नाही. पण डॉक्टरीणबाईंनी काय पाहायला सांगितलं होतं, ते मी दुकानात माझ्या कानांनी ऐकलं होतं.

दुपारी मुलीनं मला वायरीनं कॉम्प्युटरला जोडलं आणि आधीचे फोटो शेजारी शेजारी लावले. चंदेरीनं काढलेले. सगळे एकसारखे! गुळगुळीत, गोलसर, एकाच रंगाचा तपकिरी डाग, शिंप्यानं मापानं बसवलेल्या बटणासारखा. आणि त्यांच्या शेवटी माझा फोटो.

मुलीचा हात तोंडावर गेला.

“हे काय?” बाईनं विचारलं. “गेल्या महिन्यात तर असं नव्हतं.”

“दाखव,” नवरा म्हणाला. त्यानं वाकून पाहिलं. क्षणभर त्याचाही चेहरा उतरला. मग तो हसला. “अगं, कॅमेरा मोठा, तर डागही मोठाच दाखवणार ना! पट्टी बघ. माप तेवढंच आहे की नाही?”

माप खरंच जवळपास तेवढंच होतं.

“पण रंग?”

“ते मशीनचं असेल. प्रत्येकाचा रंग वेगळा येतो. पाच फोटो एक सांगतात आणि हा दुकानातला उसना ठोंब्या एक सांगतो. तू कोणाचं ऐकणार?”

ठोंब्या! मी अवाक झालो. पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. बाई हळूच म्हणाली, “मला गेल्या महिन्यातही तो खालून काळा वाटला होता. मी फोटो काढला, फोटोत तसा नव्हता. म्हटलं, माझेच डोळे गेले.”

विचार करा. दारातून दोन काळ्यांतला फरक ओळखणारी ही बाई. तिच्या डोळ्यांनी तिला खरं सांगितलं होतं, आणि तिनं फोटोवर विश्वास ठेवून स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. पण कॅमेऱ्याला ओरडता येतं का?

मुलीनं दुकानात फोन लावला. साखऱ्याचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. “मोठ्या कॅमेऱ्यात कसं असतं, सावली जास्त गडद येते. घाबरू नका. छोटा आला की त्यानं काढून बघा.”

“ऐकलंस?” नवरा सदरा चढवत म्हणाला. “डॉक्टरीणबाईंकडे पुढच्या महिन्यात जायचंच आहे. आत्ता गोदामाचं छप्पर अर्धं उघडं टाकून मी कुठे जाऊ? सगळा माल भिजला तर मला आयुष्यभर शिव्या खाव्या लागतील.”

“आणि खरं निघालं तर?” मुलगी म्हणाली.

“खोटं निघालं तर सगळ्यांसमोर माझं हसं. म्हणतील, बायकोनं फोटो काढला आणि हा पळाला.”

बाई कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. एकदा त्या गुळगुळीत डागांकडे बघे, एकदा माझ्या फोटोकडे. शेवटी स्वतःशीच म्हणाली, “दोघांतला एक खोटं बोलतोय.”

आणि माझ्याकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. तिला मीच खोटा असायला हवा होतो. मनापासून हवा होतो.

चंदेरी दुरुस्त होऊन आल्याचा निरोप आला त्याच सकाळी बाई मला पिशवीत घालून दुकानात गेली. येताना तिनं आपल्या फळीवरची दोन रिळं आणली होती, तीच, दोन काळी.

“दोघांनी या रिळांचा फोटो काढा,” तिनं साखऱ्याला सांगितलं. “कुठल्याला फरक दिसतो, बघू. मग मला कळेल.”

तिनं एका हातात दोन्ही रिळं धरली आणि दारापाशी उजेडात उभी राहिली. साखऱ्यानं आधी मला उचललं. खटाक. मग चंदेरीला. त्याचं नाक आता सुरळीत पुढे आलं. मला त्याला पाहून बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

दोन्ही फोटो दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावले. आणि काय सांगू, चंदेरीच्या फोटोत रिळं अगदी बरोबर होती! एक निळसर काळं, एक तपकिरी काळं. माझ्याइतकंच स्पष्ट.

“बघितलंत?” साखऱ्या खुलला. “रंगाला हा अगदी पक्का आहे. मी म्हटलं नव्हतं? उगाच जिवाला घोर लावून घेतलात, ताई.”

बाईनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की तिचे खांदे खाली आले. तिनं पर्स उघडली, रिळं आत टाकली. माझं धाबं दणाणलं. आता ही चंदेरीला घेऊन जाणार, महिनाभर थांबणार, आणि तो काळा थेंब तसाच पसरत राहणार.

पर्स बंद करता करता तिनं पडद्याकडे सहज पुन्हा एकदा पाहिलं आणि ती थांबली.

“हा हात कोणाचा?”

“म्हणजे? तुमचाच की, ताई.”

“माझा नाही.”

साखऱ्या हसला. ती नाही हसली. ती पडद्याजवळ गेली आणि आपलं बोट फोटोतल्या बोटाशेजारी धरलं. वर्षानुवर्षं सुया टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं खरबरीत झाली होती. बारीक काळे ठिपके, एक जुनी चीर, अंगठ्याजवळ घट्टा. माझ्या फोटोत ते सगळं होतं. चंदेरीच्या फोटोत होती ती कोणा सुखवस्तू मुलीची बोटं. गुळगुळीत, गुलाबी. कधी सुई न धरलेली.

“माझी टोचणं कुठे गेली?” तिनं विचारलं. अगदी हळू. “रीळ तेच आहे, धागा तोच आहे. मग फक्त माझी कातडी कशी बदलली?”

साखऱ्यानं चंदेरीला उलटं केलं. पडद्याच्या कोपऱ्यात तो हसरा चेहरा होता. साखऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“ताई... हे मी लावलेलं. दुकानात दाखवायला. हे असलं की कॅमेरा कातडी ओळखतो आणि डाग, सुरकुत्या पुसतो. बाकी कशाला हात लावत नाही. मी... मी ते काढायला विसरलो.”

“डाग पुसतो,” बाई म्हणाली.

त्यानं घाईघाईनं बटण दाबलं. हसरा चेहरा गेला. “हात धरा, ताई. परत काढतो.” चंदेरीनं दुसरा फोटो काढला, आणि तिच्या बोटांवरची टोचणं एकेक करून पडद्यावर परत आली. बिचारा चंदेरी! त्यानं इतके दिवस मन लावून, इमानेइतबारे, त्या माणसाच्या पाठीवरचं संकट दर महिन्याला पुसून टाकलं होतं. त्याला जे सांगितलं होतं तेच तो करत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदाच त्याचा हेवा वाटला नाही.

“माझ्या आईचे सगळे फोटो मी हे लावूनच काढलेत,” साखऱ्या पुटपुटला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. बाई तोवर मला गळ्यात अडकवून रस्त्यावर पोचली होती.

ती थेट गोदामापाशी गेली. मी तिच्या छातीवर आपटत होतो आणि तिच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत होते. नवरा उंच छपरावर पत्र्याला छिद्र पाडत होता.

“अहो, खाली या!”

“आलो दुपारी जेवायला!”

“आत्ता या!”

“अगं, काय गावाला आग लागली काय?” तो वरून हसत म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. हातातलं यंत्र बंद केलं आणि मुकाट्यानं शिडी उतरला. खाली आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “मोठा खरा निघाला?”

तिनं मान डोलावली. त्यानं हात पुसले, बरोबरच्या माणसाला म्हणाला, “ताडपत्री टाक रे वर,” आणि तो तिच्याबरोबर चालू लागला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो बाजूला सारले. “ते नंतर. आधी पाठ दाखवा.” त्यांनी डोळ्याला भिंग लावून इतका वेळ पाहिलं की नवऱ्यालाही विनोद सुचेना. मग त्या सरळ झाल्या. “हा काढायचा. आजच. थांबायचं नाही.”

“महिनाभरानं आलो असतो तर?” बाईनं विचारलं.

डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या. “आलात ना आज? तेवढंच बोलू.”

डाग काढला, आजूबाजूची थोडी कातडी घेऊन. तो तपासायला गेला. ते थांबणं मी शिवणाच्या खोलीत, मशीनशेजारी बसून पाहिलं. बाई शिवायला घेई, टाके उसवी, पुन्हा घाली. नवरा पालथा पडून म्हणे, “डॉक्टरीणबाईंचे टाके कसे आहेत, सांग की. तू तर तज्ज्ञ.”

“सरळ आहेत,” ती म्हणे. “मी जरा जवळ जवळ घातले असते.” आणि उठून स्वयंपाकघरात जाई, म्हणजे तिचे डोळे कोणाला दिसू नयेत.

मग निकाल आला. डाग वाईटच होता. अगदी त्या नावाचा, जे नाव त्या घरात मोठ्यानं कोणी घेत नाही. पण खोल गेला नव्हता. सगळा निघाला होता. ‘वेळेवर’ हा शब्द डॉक्टरीणबाईंनी दोनदा उच्चारला. बाई तिथल्या बाकावर मटकन बसली. नवरा उभाच राहिला, त्याला बसायचं असतं हेच जणू तो विसरला होता.

दुकानात राहिलेल्या चंदेरीच्या बदल्यात साखऱ्यानं मला कायमचं त्या घरी देऊ केलं. “मी चूक केली, ताई,” तो म्हणाला. बाईनं मला ठेवून घेतलं, पण चंदेरीही मागून घेतला. हसरा चेहरा बंद आहे ना, ते पाहून तिनं तो मुलीला दिला. “त्याला काय कळतंय? सांगितलं ते केलं त्यानं,” बाई म्हणाली.

तर असं माझं आयुष्य. आता मी याच घरात, याच कपाटात राहतो. मला वाटलं होतं, या घरात आता माझा शब्द प्रमाण मानतील. तिथेही मला धक्काच बसला. बाई आता माझ्यावरही विश्वास टाकत नाही! फोटोच्या रविवारी ती आधी चष्मा नीट पुसते आणि नवऱ्याची पाठ, मान, कानांमागची कातडी स्वतः पाहते. खिडकीच्या उजेडात, बोट फिरवत फिरवत, मशीनवर लांबच लांब कापड तपासावं तशी. काय दिसलं ते मोठ्यानं बोलते. मगच माझ्या डोळ्यावरचं झाकण काढते.

गेल्या खेपेचीच गोष्ट. मी तिच्या मांडीवर होतो, झाकण लावलेला, म्हणून मला दिसत काहीच नव्हतं. फक्त ऐकत होतो. “खांदा ठीक. व्रण ठीक. मणक्याशी काही नाही.” आणि एकदम आवाज बंद पडला. माझ्यावरची तिची बोटं घट्ट आवळली गेली. ती टोचलेली, खरबरीत बोटं थंडगार पडली होती.

“अहो,” ती म्हणाली. “मानेवर हे काळं काय आहे? केसांच्या खाली. काल नव्हतं.”

स्टूल कुरकुरलं. मी त्या अंधारात गोठून गेलो होतो.

मग नखानं खरवडल्याचा आवाज आला.

“डांबर आहे गं!” नवरा ओरडला. “काल गच्चीला डांबर लावत होतो! कातडं सोलतेस का माझं?”

बाई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, की आधीपासूनच रडत होती, मला झाकणाआडून कळलं नाही. नवरा तिला “पुरे, पुरे” म्हणत होता आणि त्याचाही आवाज धड नव्हता.

माझी एकच विनवणी आहे. तुम्हीही कधी दुकानात याल, काचेपलीकडे माझ्यासारखा एखादा जाडा आणि चंदेरीसारखा एखादा देखणा बसलेला असेल. ज्याचं वजन झेपेल, खिसा परवडेल तो घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण घरी नेऊन पहिला फोटो काढाल तो स्वतःच्या हाताचा काढा, आणि हात शेजारी धरून पाहा. मग जा खुशाल, तुमच्या माणसांकडे बघा.

आता मला ठेवा कपाटात. बाईच्या पायांचा आवाज येतोय आणि आज रविवार आहे. आधी ती बघेल. माझी पाळी नंतर.